उपकार फेडायला दोसिंदा वर गेली

दोसिंदाच्या घरून कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं पोर्तो सेइशो गावात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या एर्मितासनं वाडगाभर अंडी पाठवली, की संध्याकाळच्या आत त्याच वाडग्यातून तिसऱ्यांचा रस्सा परत यायचा. एर्मितास लाजेकाजेस्तव त्यात अक्रोड घालून पाठवायची. दोसिंदा वाडगा धुऊन त्यात चीजचा तुकडा घालायची. असा तो वाडगा दोन घरांमधल्या कुंपणावरून आठवडाभर ये-जा करत राहायचा. शेवटी एर्मितासनं अंडी देणंच बंद केलं.

"तुला काही द्यायचं म्हणजे धास्तीच वाटते बाई," ती म्हणाली. "उद्या चिमूटभर मीठ दिलं, तर तू दारात डुक्कर आणून बांधशील."

"मीठ कुठलं आहे त्यावर ठरेल," दोसिंदा म्हणाली.

साठी उलटली होती तरी ती रोज ओहोटीला वाळूत उतरायची. मांडीपर्यंतचे रबरी बूट, कमरेला गाठ मारलेला एप्रन आणि हातात लांब दांड्याचं दाताळं. तिसऱ्या उकरणाऱ्या साऱ्या बायकांत ती अंगानं थोराड आणि आवाजानं त्याहून थोराड. खाडीच्या या काठाला उभी राहून ती पलीकडच्या काठावरच्या बाईशी भाजीला काय केलं यावर गप्पा मारायची, आणि मधल्या होड्यांमधले पुरुष मान खाली घालून ऐकायचे.

नवरा शेनारो आणि धाकटा भाऊ मिंगोस दोघेही 'गाइव्होता' नावाच्या ट्रॉलरवर होते. शेनारो जाळ्यावर, मिंगोस बोटीच्या स्वयंपाकघरात. जाळं ओढायला शेनारोला दोनदा हाक मारावी लागायची. जेवायला मात्र त्याला कधीच हाक मारावी लागली नव्हती. पातेल्याचं झाकण उघडायच्या आत तो जिन्यावर हजर असायचा. मिंगोसचा या माणसावर दोन कारणांनी राग होता. एक म्हणजे तो ताईचा नवरा होता, आणि दुसरं म्हणजे तो रश्श्यातलं मटण शोधून शोधून खायचा.

फेब्रुवारीतली गोष्ट. गावातल्या प्रत्येक मच्छीमाराच्या घरात असतो तसा दोसिंदाच्याही स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीशेजारी, एक वायरलेस संच होता. दिवसभर त्यावर होडीवाले एकमेकांना हवामान सांगायचे आणि शिव्या द्यायचे. बायका तो ऐकत बटाटे सोलायच्या. त्या दुपारी दोसिंदा बटाटेच सोलत होती. बाहेर समुद्र चवताळला होता. एकाएकी 'गाइव्होता'चा तांडेल काशिआनो याचा आवाज आला. तो किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राशी बोलत होता, आणि नेहमीची एकही शिवी न देता बोलत होता. तेवढ्यावरूनच दोसिंदाच्या हातातली सुरी थांबली.

"किती जखमी?" केंद्रातल्या बाईनं विचारलं.

"दोन."

"कसे झाले?"

काशिआनो खाकरला. मग म्हणाला, "एक जिन्यावरून दुसऱ्यावर पडला."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याच्या हातात चण्यांचं पातेलं होतं."

नाव सांगायची गरजच उरली नाही. जेवणाच्या वेळी जिन्यावरून घाईनं उतरणारा आणि चण्यांचं पातेलं हातात धरणारा, दोघेही दोसिंदाच्याच घरचे. लाट आली होती, बोट एका कुशीवर कलंडली होती आणि शेनारो आपल्या सगळ्या वजनानिशी मेव्हण्याच्या अंगावर कोसळला होता. शेनारोची मांडी दोन ठिकाणी मोडली. मिंगोसच्या बरगड्या गेल्या आणि उकळत्या रश्श्यानं उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. बंदर दूर होतं. अशा समुद्रात बोटीला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला असता, म्हणून केंद्रातल्या बाईनं हेलिकॉप्टर पाठवत असल्याचं सांगितलं.

दोसिंदा गॅस बंद करून निघाली ती गावाबाहेरच्या टोकावर, दीपगृहाशी. अंगावर एप्रन आणि मुठीत अर्धा सोललेला बटाटा. ती लहान असताना तिच्या बापाची छाती अशीच एका बोटीवर दोरखंडाखाली चेपली होती. तेव्हा आभाळातून कुणी येत नसे. बोट दोन दिवसांनी परत आली. त्यातला पहिला दिवस तो जिवंत होता आणि पाणी मागत होता, असं सोबतच्यांनी नंतर सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिची आई मरेपर्यंत म्हणत होती.

नारिंगी हेलिकॉप्टर डोक्यावरून समुद्राकडे गेलं. दोसिंदा वाऱ्यात उभी राहिली. मागून एर्मितास शाल घेऊन आली, तिनं ती दोसिंदाच्या खांद्यावर टाकली आणि काहीएक न बोलता शेजारी उभी राहिली. एर्मितासच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती. बऱ्याच वेळानं तो आवाज परत आला. हेलिकॉप्टर गावावर न घुटमळता थेट शहरातल्या दवाखान्याच्या दिशेनं गेलं.

"घाईत आहेत," दोसिंदा म्हणाली. "मेलेल्यांसाठी कुणी घाई करत नाही. जिवंत आहेत दोघं." आणि मग तिथंच दगडावर बसून ती लहान मुलासारखी रडली.

दोघे जिवंत होते याची खात्री दवाखान्याच्या जिन्यातच पटली, कारण भांडण तिथपर्यंत ऐकू येत होतं. दोघांना शेजारशेजारच्या खाटा दिल्या होत्या. शेनारोचा पाय वर टांगलेला, मिंगोसचा हात बँडेजमध्ये.

"अगं, मी तर तारेला लटकून मजेत वर गेलो," शेनारो बायकोला सांगत होता. "झोपाळ्यावर बसल्यासारखा. खाली समुद्र काय दिसत होता म्हणून सांगू!"

"भाऊजी, डोळे गच्च मिटून समुद्र दिसतो का?" मिंगोसनं विचारलं.

"तुला काय माहीत? तू खाली होतास."

"खाली होतो म्हणूनच माहीत. ऐकूसुद्धा येत होतं. वर एवढा पंखा गरगरतोय, पण त्याच्यावरून तुमचा आवाज येत होता. हसवू नका आता, बरगड्या दुखतात."

"तू गरम पातेलं घेऊन जिन्याखाली उभाच का होतास?"

"स्वयंपाकघर तिथंच आहे, भाऊजी!"

दोसिंदानं दोघांच्या कपाळांचे मुके घेतले, दोघांना एकेक शिवी दिली आणि खुर्चीत बसली. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. एर्मितासच्या अंड्यांची परतफेड तिसऱ्यांनी होते. पण नवरा आणि भाऊ एका दुपारी समुद्रातून उचलून आणून दिले, त्याची कशानं होते?

आधी तिनं परातीएवढा एम्पानाडा भाजला, पिठाच्या दोन थरांत ऑक्टोपस आणि कांद्याचं भरगच्च सारण. सोबत घरच्या कॉफीच्या दारूच्या बाटल्या घेतल्या. हे सगळं घेऊन ती बसनं शहराजवळच्या विमानतळावर, हेलिकॉप्टरच्या तळाच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्यानं आत फोन केला. थोड्या वेळानं एक सडसडीत माणूस बाहेर आला. चाळिशीचा, कानांवर केस पिकलेले. नाव तेल्मो. तारेवरून बोटीवर उतरून शेनारोला कवेत घेऊन वर नेणारा तो हाच.

दोसिंदानं त्याला अशी मिठी मारली की त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

"बाई, आम्ही फक्त काम केलं," श्वास सापडल्यावर तो म्हणाला. "आणि हे आम्हाला घेता येत नाही. नियम आहे. भेटवस्तू नाही, खाणंपिणं नाही."

"नियम कुणी केला?"

"वरच्यांनी."

"ते जेवत नाहीत का?"

"जेवत असतील. पण आमच्या फाटकाशी नाही."

तेल्मोनं तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि तो आत गेला. दोसिंदा बसथांब्याकडे वळली, पण एम्पानाडा परत घरी नेणं तिच्या तत्त्वात बसेना. पहारेकऱ्याचं लक्ष नाही असं पाहून तिनं तो डबा फडक्यात बांधून फाटकाच्या कोपऱ्यात ठेवला आणि ती बसमध्ये चढली. विमानतळाच्या फाटकाशी बेवारस डबा ठेवल्यावर काय होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी मिंगोसनं पेपरातून वाचून दाखवलं. रस्ता बंद केला, माणसं हटवली, पोलिसांचं कुत्रं आणलं. कुत्र्यानं डबा हुंगला, क्षणभर विचार केला आणि कुणी आवरायच्या आत निम्मा एम्पानाडा फस्त केला. पोलिसांनी वस्तू निर्धोक असल्याचं जाहीर केलं.

"निर्धोक!" दोसिंदा संतापली. "चविष्ट म्हणायला काय झालं होतं?"

मग तिनं देवाचा रस्ता धरला. कार्मेनची माउली ही समुद्रावरच्या लोकांची. तिच्यासमोर आभाराची प्रार्थना लावायची, आणि तीही नावं घेऊन. फादर एलिसेओ तयार झाले. पण यादीत वैमानिक, सहवैमानिक, तार चालवणारा आणि तेल्मो यांच्याखाली हेलिकॉप्टरही आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"दोसिंदा, यंत्राला आत्मा नसतो."

"फादर, गेल्या वर्षी तुम्ही काशिआनोच्या नव्या ट्रॅक्टरवर पवित्र पाणी शिंपडलंत. मी तिथं होते."

फादरनी चष्मा पुन्हा घातला. रविवारी भर चर्चमध्ये हेलिकॉप्टरचं नाव घेतलं गेलं, फक्त जरा हळू आवाजात.

तरीही दोसिंदाचं मन भरेना. प्रार्थना देवाला पोहोचली असेल, पण तेल्मोला काय मिळालं? ती पुन्हा फाटकाशी गेली. मग पुन्हा. कधी लोणी लावलेले पाव, कधी विणलेले मोजे. पहारेकरी आता तिला लांबून ओळखू लागला आणि डबा दिसला की हात जोडू लागला. शेवटी एके दिवशी तेल्मो तिला फाटकासमोरच्या कॅफेत घेऊन गेला आणि कॉफीचे पैसे त्यानंच दिले. हा तर तिच्या डोक्यावर आणखी एक उपकार झाला.

"दोसिंदाबाई, खरं सांगू? आम्हाला मोजे नकोत," तो म्हणाला. "आम्हाला माणसं हवी आहेत."

"कसली माणसं?"

"सरावाला. दर काही आठवड्यांनी आम्ही एखाद्या बोटीवर खोटी सुटका करतो. बोटीवर कुणीतरी जखमी लागतो. खलाशी लाजतात. तारेला लटकलेलं गावानं पाहिलं तर बारमध्ये वर्षभर चेष्टा होईल म्हणतात. मग आम्ही रेतीनं भरलेला बाहुला उचलतो. बाहुला घाबरत नाही, हात झाडत नाही, गळा पकडत नाही. त्याच्यावर काय शिकणार?"

दोसिंदानं कप खाली ठेवला. "मी घाबरते, हात झाडते आणि गळा तर फार छान पकडते."

"ते मला ठाऊक आहे," तेल्मो बरगड्यांवरून हात फिरवत म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं, सह्या घेतल्या, सगळं रीतसर झालं. सरावाचा दिवस आला तेव्हा आख्खं पोर्तो सेइशो धक्क्यावर जमलं होतं. शेनारो कुबड्या घेऊन सगळ्यात पुढे. तार तुटेल की हेलिकॉप्टर खाली येईल यावर पैजा लागल्या होत्या. मिंगोस हात गळ्यात बांधून सगळ्यांना बजावत होता, "माझी ताई आहे ती. हसायचं असेल तर मला विचारून हसा."

खाडीच्या तोंडाशी 'गाइव्होता'च्या डेकवर दोसिंदा आडवी पडली होती. अंगात नारिंगी पोशाख, कपाळावर खोटं रक्त. वर पंख्याचा गडगडाट, चारी बाजूंना पाण्याचे तुषार. तेल्मो तारेवरून उतरला आणि तिच्यापाशी गुडघे टेकून बसला.

"तुम्ही बेशुद्ध आहात," तो ओरडला.

"म्हणजे बोलायचं नाही?" ती त्याहून मोठ्यानं ओरडली.

"अजिबात नाही!"

"मग दुसरा आजार द्या!"

तेल्मोनं वर, दारातून डोकावणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहिलं. "बरं. पाय मोडलाय."

दोसिंदानं अशी काही बोंब ठोकली की काशिआनो सुकाणू सोडून धावत आला. तिनं आईला हाक मारली, माउलीला हाक मारली, मेल्यावर घालायचा काळा पोशाख कुठल्या पेटीत आहे ते सांगितलं आणि एर्मितासला तो हात लावू देऊ नका म्हणून बजावलं. धक्क्यावर शब्द न् शब्द ऐकू गेला.

"जखमी माणसं इतकं बोलत नाहीत," पट्टे आवळता आवळता तेल्मो म्हणाला.

"तुम्ही माझ्या नवऱ्याला उचललंय ना? मग?"

तेल्मोनं शेवटचा पट्टा आवळला. त्यानं वर हात केला, आणि दोसिंदाच्या पायाखालून डेक निघून गेला.

आतापर्यंत सगळी गंमत होती. पण पाय अधांतरी झाले आणि गंमत संपली. तार हळूहळू गोल फिरत होती. "माझ्याकडे बघा," तेल्मो म्हणाला. अर्थातच तिनं खाली बघितलं. धक्क्यावरची माणसं मुंग्यांएवढी झाली होती. तिच्या घराच्या छपरावरचं एक कौल निखळलेलं होतं, आणि ते बसवल्याचं शेनारोनं शपथेवर सांगितलं होतं. पलीकडे खाडी संपत होती आणि नुसता समुद्र सुरू होत होता, राखाडी, कुठं शेवट नाही असा. आज ऊन होतं, वारा पडला होता, पाय धड होता. मोडक्या मांडीनिशी, फेब्रुवारीच्या त्या समुद्रावर, याच तारेला... तिनं डोळे मिटले. तेल्मोचा पोशाख दोन्ही मुठींत धरला आणि एकही शब्द बोलली नाही. धक्क्यावर एकदम शांतता पसरली. दोसिंदा गप्प आहे, हे ऐकायची गावाला सवय नव्हती.

"तुटली वाटतं तार," एर्मितास रडवेली होऊन म्हणाली.

दारातून आत ओढून घेतल्यावर दोसिंदा हेलिकॉप्टरच्या जमिनीवर बसून राहिली. कुणीतरी तिच्या कानांवर बोलायचं यंत्र चढवलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "तेल्मो, माझा नवरा रडला का हो इथं?"

"तारेवर काय झालं ते आम्ही कुणाला सांगत नाही."

"नियम आहे?"

"नियम आहे."

दोसिंदानं एप्रनच्या सवयीनं पोशाखाच्या टोकाला डोळे पुसायचा प्रयत्न केला. "हा नियम बरा आहे," ती म्हणाली. "हा ज्यानं केला, तो जेवत असणार."

घरी आल्यावर तिनं शेनारोला कौलाबद्दल चार शब्द सुनावले. पण बारमध्ये तो पुन्हा झोपाळ्याची आणि सुंदर समुद्राची गोष्ट सांगू लागला आणि लोक हसायला लागले, तेव्हा तिनं दारातून आवाज टाकला, "खरं सांगतोय तो! मी स्वतः जाऊन बघितलाय समुद्र. फार सुंदर दिसतो." शेनारोनं दचकून तिच्याकडे पाहिलं. त्या रात्री त्यानं न सांगता भांडी घासली.

पुढं दोसिंदा त्या तळाची ठरलेली जखमीच झाली. तिला हृदयविकाराचे झटके आले, ती गारठून बधिर झाली, कंबर मोडली, आणि एकदा तर कुणाच्या तरी चुकीनं, आजार लिहून दिलेल्या तिच्या कागदावर बाळंतपणाच्या कळा आल्या. त्या तिनं इतक्या मन लावून दिल्या की नवशिक्या पोरानं घाबरून खरीच रुग्णवाहिका बोलावली. नवीन माणूस तळावर आला की तेल्मो सांगायचा, "आधी दोसिंदाबाईंना उचल. त्या जमल्या तर बाकीचा समुद्र सोपा आहे." शेनारोचा पाय जुळला आणि शरदात तो बोटीवर परत गेला. मिंगोसनं जिन्याच्या खालच्या पायरीला घंटा बांधून घेतली. भाऊजी उतरू लागले की ती वाजते आणि तो पातेलं घेऊन बाजूला होतो.

गेल्या नोव्हेंबरात दोसिंदा अशीच सरावासाठी हेलिकॉप्टरमध्ये होती. डोक्याला रक्ताळलेलं बँडेज, गालावर ओघळ. अचानक वैमानिकाच्या कानात निरोप आला आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. खरी बोट होती, खरी माणसं होती. दोसिंदाला सोबत नेता येत नव्हतं आणि पोर्तो सेइशो उलट्या दिशेला होतं. वाटेत एका अनोळखी गावातल्या फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी तिला उतरवलं, तेल्मोनं हात हलवला आणि ते निघून गेले.

रक्तबंबाळ म्हातारी आभाळातून उतरून आपल्या पायांनी चालत येतेय म्हटल्यावर मैदानावरची पोरं पळाली. बारमध्ये शिरली तर मालकाच्या हातून बशी पडली.

"बाई! डॉक्टर बोलावू?"

"डॉक्टर नको, कॉफी दे. दूध जास्त. आणि पोर्तो सेइशोची बस कधी आहे?"

"पण हे रक्त..."

"माझं नाही ते. सरकारचं आहे."

तिनं बँडेज सोडलं नाही. खिडकीशी बसून ती कॉफी प्यायली, मग आणखी एक मागवली. लोक लांबूनच तिच्याकडे बघत होते. बस आली आणि गेली. ती उठली नाही.

"बाई, बस चुकली तुमची," मालक म्हणाला.

"जाऊ दे."

अंधारून यायला लागलं तेव्हा समुद्राच्या बाजूनं तो गडगडाट ऐकू आला. दोसिंदा खुर्ची सारून उठली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. हेलिकॉप्टर छपरांवरून गेलं, न घुटमळता, थेट शहराकडे. ती वर बघत राहिली. मालकही फडक्याला हात पुसत तिच्याशेजारी येऊन थांबला.

"कुणी तुमचं होतं का त्यात?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," दोसिंदा म्हणाली. "कुणाचं तरी होतं. घाईत गेले बघ." मग ती त्याच्याकडे वळली. "आता एक पाव-चीज दे मला. केव्हाची भूक लागलीय."

मालकानं त्याचे पैसे घेतले नाहीत. दोसिंदानं त्याच्याकडून बारचा पत्ता मात्र नीट समजून घेतला.